कॅलिपर बदलले, हवा काढली, तरी ब्रेकचं पेडल पुन्हा खोल जातंय

लहान गाडीला मोठ्या मॉडेलचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग) आणि डिस्क बसवले. सुरुवातीला ब्रेक मस्त लागले, मग पेडल हळूहळू खोल जायला लागलं. गॅरेजमध्ये नेऊन हवा काढली की काही दिवस बरं, मग परत तेच. गोव्यात म्हापसा असो, फोंडा असो, डिचोली असो, जुनी गाडी हौसेने सांभाळणारा किंवा घाटाने बेळगावला ये-जा करणारा कोणी ना कोणी ही तक्रार घेऊन गॅरेजच्या दारात उभा असतोच. आणि उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: "बाब, हवा परत शिरली असणार, आणखी एकदा काढूया."

इथेच थांबायला हवं. ब्रेकची लाइन बंद असते. ऑइल बाहेर येत नसेल, टाकीतली पातळी उतरत नसेल, तर हवा कुठून शिरणार? एकच अपवाद म्हणजे मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचे (ड्रमचे शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) झिजलेले रबर. पेडल सोडताना तिथून थोडी हवा ओढली जाऊ शकते. पण मग कधीतरी तिथून ऑइलही पाझरतं, आणि रबरी टोपी उचलून आत पाहिलं की ओल दिसते. ते कोरडं असेल तर दोनच शक्यता उरतात. एक, हवा पहिल्यापासून पूर्ण निघालेलीच नाही. दोन, दोष हवेचा नाहीच. कॅलिपर दुसऱ्या मॉडेलचे असले की या दोन्ही शक्यता दाट असतात.

मग हवा काढल्यावर काही दिवस बरं का वाटतं? कारण हवा काढताना पेडल अनेक वेळा दाबलं जातं. त्याने पॅड डिस्कला चिकटून बसतात, मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमजवळ सरकतात, अडकलेला बुडबुडा बारीक होऊन पसरतो. मूळ कारण जागच्या जागी राहतं.

पुढचं काहीही करण्याआधी एक गोष्ट. पेडल फळीपर्यंत जात असेल किंवा रोज वेगळं लागत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा नाहीतर गाडी टो करून न्या.

पेडल कसं खोल जातं ते आधी ओळखा

मेकॅनिकला "ब्रेक नीट लागत नाही" एवढंच सांगितलं तर तो हवाच काढणार. म्हणून नेमकं काय होतं ते पायाने ओळखा आणि तेच शब्द त्याला सांगा.

पेडल दाबताना लवचीक लागत असेल, खाली पोचल्यावरही कडक होत नसेल, तर हवा अडकली आहे किंवा काहीतरी वाकतंय, फुगतंय: जुना होस पाइप (चाकाकडे ऑइल नेणारी लवचीक नळी), तिरका बसलेला कॅलिपर, त्याला धरणारा पण घट्ट न बसलेला ब्रॅकेट. पेडल खोल जातं पण खाली गेल्यावर दगडासारखं कडक लागतं, तर हवा नाही. ऑइल जास्त लागतंय किंवा मागचे ड्रम ढिले आहेत. इंजिन चालू ठेवून पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल सावकाश बुडत गेलं, बाहेर गळती कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) रबर आतून ऑइल सोडताहेत. खराब रस्त्यावरून गेल्यावर पहिल्या दाबाला पेडल खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला ठीक, तर डिस्क पॅडला मागे ढकलतेय. आणि फक्त घाट उतरताना पेडल जातं, गाडी अर्धा तास उभी केली की परत येतं, तर ऑइल उकळतंय.

हे पाच प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. उपाय मात्र पाच वेगळे आहेत.

आता एक साधी चाचणी, जी मी सगळ्यांना पहिल्यांदा करायला सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडण लावा. पेडल दाबून बघा. मग हँडब्रेक पूर्ण ओढून पुन्हा दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल स्पष्टपणे वर आलं, तर पुढच्या नव्या कॅलिपरकडे बघायचीही गरज नाही, दोष मागच्या ड्रममध्ये आहे. शू ड्रमपासून लांब आहेत आणि त्यांना पोचवण्यातच पेडलचा बराच प्रवास जातोय. आपल्याकडच्या दमट हवेत आणि तांबड्या धुळीत ड्रमचे ॲडजस्टर गंजून जाम होतात, आपोआप सरकतच नाहीत. पुढच्या ब्रेकवर पैसे घालताना मागचे ड्रम कोणी उघडत नाही, आणि दोष नव्या कॅलिपरच्या नावावर जातो.

दुसरी चाचणी होस दाबण्याची. होस दाबायचा गोल तोंडाचा क्लॅम्प मिळतो, तोच वापरा. पकडीने किंवा लॉकिंग प्लायरने होस आतून फाटतो, आणि स्टीलची जाळी असलेला होस तर कधीच दाबू नये. सगळे होस दाबल्यावर पेडल उंच आणि कडक लागलं पाहिजे. नसेल लागत, तर चाकांकडे जाऊच नका, दोष मास्टर सिलिंडरकडे आहे. लागलं, तर एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल बाकीच्यांपेक्षा खूप खाली बसतं, ते चाक गुन्हेगार.

निपल वर आहे का

कॅलिपर बदललेल्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच बघतो, आणि बघायला टॉर्च पुरते. हवा काढायचा निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असला पाहिजे. हवा वर चढते. निपल खाली असेल तर ऑइलची बाटलीच्या बाटली ओतली तरी वरचा बुडबुडा तिथेच बसून राहतो.

निपल खाली जातो कसा? काही गाड्यांत कॅलिपर ॲक्सलच्या पुढच्या बाजूला असतो, काहींत मागच्या. ज्या गाडीतून कॅलिपर काढले तिथे तो मागे होता आणि तुमच्या गाडीत पुढे बसतो, तर डावा कॅलिपर डाव्या बाजूला लावल्यावर तो उलटा होतो. अशा वेळी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवावा लागतो. कॅलिपरवर 'एल' आणि 'आर' कोरलेलं बघून मिस्त्री ते इमानदारीने त्या त्या बाजूला लावतो आणि तिथेच घोळ होतो. अक्षर बघू नका, निपल बघा. बाजू बदलल्यावर होस पाइप कुठून जातो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणला जातो का, टायरला घासतो का, हेही त्याच वेळी तपासा.

बाजू बदलणं लगेच शक्य नसेल, तर होस न काढता कॅलिपरचे बोल्ट सोडा, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घाला, निपल वर येईल असा कॅलिपर धरा आणि हवा काढा. ठोकळा विसरलात तर पिस्टन बाहेर येईल. याने दोष नक्की सापडतो, पण हा कायमचा इलाज नाही. पुढच्या वेळी ऑइल बदलताना पुन्हा तीच कसरत करावी लागेल.

हवा काढताना आणखी एक काळजी. जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल कधीही फळीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो तिथवर आतली नळी गुळगुळीत असते, त्यापुढे गंज आणि गाळ बसलेला असतो. पूर्ण दाबलं की रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटतात. पुन्हा पुन्हा हवा काढलेल्या कितीतरी गाड्यांचं मास्टर सिलिंडर असंच जातं, आणि मग पहिल्या दोषात दुसरा मिसळतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे प्रश्नच मिटला. गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि लाइन पूर्ण रिकामी झाली असेल, तर एबीएसच्या युनिटमध्ये राहिलेली हवा स्कॅनर लावूनच काढावी लागते.

पिस्टन मोठा झाला, मग ऑइल कुठून येणार

हवा नाही, ड्रम नीट आहेत, तरी पेडल खोल आणि कडक? मग हिशेब करावा लागेल. कॅलिपर निवडण्याआधीच तो केलेला बरा.

समजा मूळ कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा होता आणि नव्याचा ५४ मिमीचा. ऐकायला ६ मिमीचाच फरक. पण क्षेत्रफळ १८१० वरून २२९० चौरस मिमी होतं, म्हणजे सुमारे २७ टक्के जास्त. त्याच पायाच्या जोराला पॅड २७ टक्के जास्त दाबला जातो, हे खरं. पण पिस्टन तेवढाच सरकायला ऑइलही २७ टक्के जास्त लागतं. पिस्टन अर्धा मिमी सरकतो असं धरलं तर दोन्ही चाकांचं मिळून साधारण ४८० घन मिमी जादा ऑइल झालं. मास्टर सिलिंडर २०.६४ मिमीचा असेल तर त्याचा पिस्टन जवळजवळ दीड मिमी जास्त सरकायला हवा, आणि पेडलची तरफ चौपट धरली तर पायाखाली सुमारे ६ मिमी जास्त प्रवास. पॅड डिस्कपासून थोडे जरी लांब राहिले की हाच आकडा दुप्पट, तिप्पट होतो.

मग लोक मास्टर सिलिंडरही मोठा लावतात. २०.६४ च्या जागी २२.२ मिमीचा लावला की त्याचं क्षेत्रफळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढतं आणि पेडल वर येतं. पण ताकदीतला २७ टक्क्यांचा फायदा ९ टक्क्यांच्या आसपास उरतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पुशरॉडची (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी जुळते का, हे वेगळंच. पुशरॉड लांब झाला तर ब्रेक सुटतच नाही, चाकं धरून राहतात.

चार किंवा सहा पिस्टनचे फिक्स्ड (दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले) कॅलिपर लावणाऱ्यांसाठी एक सूचना. तुलना करताना फक्त एका बाजूच्या पिस्टनांचं क्षेत्रफळ मोजा. पिनांवर सरकणाऱ्या, म्हणजे तरंगत्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन दोन्ही पॅड दाबतो, म्हणून सगळे पिस्टन मिळवून केलेली तुलना दुप्पट दिसते आणि फसवते.

माझं मत स्पष्ट आहे. पिस्टन मूळ मापाच्या जवळचाच ठेवा, डिस्क मोठी आणि जाड घ्या. रस्त्यावरच्या गाडीला ताकद कमी पडत नसते; जोरात दाबल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस धडधडत असेल, तर त्यापुढे गाडी थांबवणं टायरच्या हातात आहे. कमी पडते ती उष्णता सोसायची क्षमता. चोर्ल्याहून केरीकडे किंवा अनमोडहून मोल्याकडे उतरताना काय होतं बघा. एक टनाची गाडी ५०० मीटर खाली आली की सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एक किलो ओतीव लोखंड एक अंशाने तापायला साधारण ४६० जूल लागतात. सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्येच गेली आणि वाऱ्याने काहीच थंड झालं नाही असं धरलं, तर दोन्ही मिळून ८ किलोच्या डिस्क १३०० अंशांनी तापतील, १२ किलोच्या सुमारे ९०० अंशांनी. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात वारा आणि इंजिन बराच भार घेतात. पण डिस्कचं वजन आणि तिच्या आतली हवेची पोकळी का महत्त्वाची, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये का उतरायचा, हे त्यातून कळतं.

डिस्क, हब आणि पिना

पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला ठीक, हा प्रकार असेल तर डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्याला बसते त्या भागावर) सपाट बसलेली नाही. किनाऱ्याजवळच्या गाड्यांच्या हबवर गंजाचा पापुद्रा चढतो. मोरजी, कांदोळी, कोलवा भागातल्या गाड्या उघडल्यात तर बघायला मिळेल. त्या पापुद्र्यावरच नवी डिस्क कसली की ती किंचित तिरकी फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात पॅडला मागे ढकलते. हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. दुसऱ्या मॉडेलच्या डिस्कचं मधलं भोक तुमच्या हबपेक्षा मोठं असेल तर नुसत्या नटांच्या भरवशावर ती मध्यावर येत नाही, बरोबर मापाची रिंग लेथवर करून घ्या. मग डायल गेज लावून डिस्क फिरवा. डोलणं ०.१ मिमीच्या आत असावं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. व्हील बेअरिंग ढिलं असेल तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून चाक वरखाली हलवून तेही बघून घ्या.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर बसतोय ना? ब्रॅकेट दोन-तीन मिमी आतबाहेर असेल, तर तरंगता कॅलिपर पिनांच्या टोकाला जाऊन अडतो, पॅड तिरका झिजतो आणि पेडल लवचीक लागतं. जुने पॅड काढून वरची आणि खालची, आतली आणि बाहेरची जाडी मोजा. झिजेतला फरकच सगळं सांगून जातो. हा फरक वायसरांची चळत लावून भरून काढू नका. अंतर हवं असेल तर एकसंध, मशीनवर केलेला ब्रॅकेट आणि योग्य ग्रेडचे बोल्ट घ्या. ब्रेकच्या बाबतीत इथे तडजोड नाही.

पिनांना साधं पिवळं ग्रीस लावायची सवय अनेक गॅरेजांत आहे. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं, पिन जाम होते, कॅलिपर एकाच बाजूने दाबतो. सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या रबराला चालणारं ग्रीसच वापरा. खाणपट्ट्यातल्या, म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या गाड्यांच्या पिनांच्या रबरी टोप्या फाटल्या की आत खनिजाची धूळ जाऊन तिचा लेप बसतो. पावसाळा संपल्यावर एकदा पिना काढून पुसून घेण्याची पद्धत ठेवली तर हा त्रास बराच टळतो.

होसच्या टोकाचा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) दिसायला सारखा असला तरी आटे वेगळे असू शकतात. १० मिमीच्या बोल्टला १ मिमीचेही आटे असतात आणि १.२५ चेही. चुकीचा बोल्ट एक-दोन आटे धरतो, मग कॅलिपरचे आटे खातो. बोटाने शेवटपर्यंत फिरला तरच पाना लावा. तांब्याचे वायसर दर वेळी नवे.

ऑइलचं काय

घाटात गरम झाल्यावरच पेडल जात असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ऑइल बदला. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण ही ऑइलं हवेतलं पाणी शोषतात, आणि ओलावा मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ धरले जातात. उकळलेल्या ऑइलची वाफ दबते, म्हणून पेडल जातं. थंड झाल्यावर वाफ विरते, म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष गायब. गोव्याच्या हवेत वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली वापरूच नये. सीलबंद डॉट ४ घ्या आणि दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट ५ या ऑइलांत कधी मिसळू नका. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्या जातीचं आहे.

रस्त्यावर काढण्याआधी

चाक लावून हाताने फिरवा. कॅलिपर रिमला किंवा आतून चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांना घासत नाही ना ते ऐका. मग स्टेपनीही लावून बघा. हे बहुतेक जण विसरतात, आणि रात्री अनमोडच्या वळणावर पंक्चर झाल्यावर कळतं की १३ इंची स्टेपनी नव्या कॅलिपरवर बसतच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ स्वरूपात फेरफार करायला मर्यादा घालतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारू शकते. म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क लावायच्या विचारात असाल तर जास्तच सावध राहा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा वाटा ठरवणारा व्हॉल्व्ह मूळ ड्रमसाठी जुळवलेला असतो. मागचं चाक आधी लॉक झालं तर पावसात ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते.

पहिली चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, २० च्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढत नाही ना, चाक सुटं फिरतं ना, ते बघा. मग ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, मधे गाडी चालती ठेवून डिस्क थंड होऊ द्या, असं काही वेळा करा म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतील. या दरम्यान तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी करून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर टाकीतली पातळी खूण करून ठेवा, बँजोच्या सांध्यावर आणि निपलवर कोरडा पांढरा कागद दाबून ओल येते का बघा, ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पहिला घाट उतरून आल्यावर हेच सगळं आणखी एकदा, आणि त्या वेळी चारही पॅडची जाडी मोजून लिहून ठेवा. पेडल पुन्हा कधी खोल गेलं तर तो कागद घेऊनच गॅरेजला जा.